सुरक्षा यंत्रणाच बिघडली तर?

पत्र्याचे जॉब काढणारी पॉवर प्रेस आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. भोसरी-चाकणकडे कितीतरी शेडमधून ती चालते. ऑपरेटर डायमध्ये पत्रा ठेवतो, स्ट्रोक देतो, जॉब काढतो, दिवसभर हेच. आता समोर लाइट कर्टन बसवला. किरणांत हात आला की प्रेस थांबणार. मग झालं का काम? नाही. आजचा विषय इथूनच सुरू होतो.

कर्टन फक्त हात पाहतो. त्याच्या सिग्नलवर रिले क्लचचा व्हॉल्व्ह बंद करतो आणि ब्रेक क्रँकशाफ्ट धरतो. समजा रिले एकच आहे आणि त्याचे कॉन्टॅक्ट चिकटले. कर्टनचा दिवा लाल होईल, पण प्रेस खाली येईलच. हात आत जाईपर्यंत हा बिघाड कुणाला कळणारही नाही.

आयएसओ १३८४९ हे मानक म्हणून तीन प्रश्न विचारतं. इजा किती गंभीर? माणूस धोक्याजवळ किती वेळा जातो? हात मागे घ्यायला संधी मिळते का? उत्तरांवरून ‘ए’ ते ‘ई’ अशी पातळी ठरते. हाताने भरायच्या प्रेसची तिन्ही उत्तरं वाईट, म्हणून पातळी ‘ई’. म्हणजे सुरक्षा यंत्रणा घातक रीतीने बिघडण्याची शक्यता तासाला एक कोटीत एकाहून कमी हवी. त्यासाठी एकाऐवजी दोन मार्ग ठेवतात आणि दोघांवर सतत नजर ठेवतात. एक चिकटला तर दुसरा प्रेस थांबवतो, आणि पुढचा स्ट्रोक मिळतच नाही.

आता अंतराचं पाहू. आयएसओ १३८५५ हाताचा वेग सेकंदाला २ मीटर धरतं. कर्टनने हात पाहिल्यापासून प्रेस थांबेपर्यंत ०.२ सेकंद लागत असतील, तर तेवढ्यात हात ४०० मिलिमीटर आत जातो. बोटाएवढी वस्तू टिपणारा कर्टन असला तरी तो किमान इतका दूर हवा. पुढे ब्रेकचं लायनिंग झिजून वेळ ०.२५ सेकंद झाला, तर अंतर ५०० लागतं. कर्टन मात्र ४०० वरच असतो! म्हणून थांबण्याचा वेळ ठरावीक मुदतीने मोजायलाच हवा.

आणि जुन्या पिन क्लचच्या प्रेसवर? ती सुरू झालेला स्ट्रोक मध्येच थांबवूच शकत नाही. तिथे कर्टन लावणं म्हणजे ऑपरेटरला खोटा भरवसा देणं. तिथे हात आत जाणारच नाही असं पक्कं गार्डच हवं.