तेल्हारा ते ऑल इंडिया

आमच्या तेल्हाऱ्यात कापसाची वेचणी आणि विद्यापीठाचे सामने एकाच मोसमात येतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात कॉलेजांचे आपसातले सामने, त्यातून निवड, मग सराव शिबिर, आणि दिवाळीच्या आगेमागे पश्चिम विभागाची स्पर्धा. नेमक्या त्याच दिवसांत सोयाबीन घरी यायचं असतं, कपाशी फुटलेली असते आणि मजूर मिळत नाही. मग घरची पोरगीच वेचायला जाते. म्हणून मुलींच्या बास्केटबॉल संघाची यादी लागली, की माझी पहिली फेरी त्यांच्या घरी असायची.

ओसरीवर चहा येई. वडील विचारत, "किती दिवस?" आई विचारे, "संग कोण हाये?" आजीचा प्रश्न वेगळाच, "अन् थे खेळून भेटते काय?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी कागदावर लिहूनच नेत असे. गाडीचं नाव, मुक्कामाची जागा, यजमान विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचा फोन, परतायची तारीख. एका घरी वडील तो कागद बराच वेळ वाचत बसले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही हायेत न संग? मंग न्या. वेचणीचं पाहून घेऊ आम्ही." त्यांचं अख्खं वावर त्या आठवड्यात पांढरं होऊन उभं होतं. राष्ट्रीय स्पर्धेच्या बातमीत अशा माणसाचं नाव कधी येत नाही. संघ मात्र त्याच्या होकारावर उभा राहतो.

मी शारीरिक शिक्षणाची शिक्षिका, आता निवृत्त. नोकरीत असताना मुलींच्या संघाबरोबर मॅनेजर म्हणून पुष्कळ फिरले. त्या प्रवासाबद्दल लिहायचं, तर आधी ही स्पर्धा चालते कशी ते सांगायला हवं.

आपल्याकडे एखाद्या कॉलेजचा संघ थेट राष्ट्रीय स्पर्धेला जात नाही. कॉलेजं आपसात खेळतात आणि त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशिम हे ५ जिल्हे येतात; या सगळ्यांतून १२ मुली. ज्या मुलीची निवड होते ती 'कलर होल्डर'. विद्यापीठाच्या रंगाचा ब्लेझर घालून ती कॉलेजात आली, की मधल्या सुट्टीत तिच्याभोवती गर्दी होते. वयाची अट १७ ते २५ वर्षं. पुढे पश्चिम विभागात महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, गोवा इथल्या विद्यापीठांशी गाठ. देशाचे असे चार विभाग आणि प्रत्येकातले पहिले चार संघ अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातात. मुली तिला नुसतं 'ऑल इंडिया' म्हणतात. म्हणजे १६ संघ. त्या १६ मध्ये जायचं, एवढंच स्वप्न मनात धरून आमच्या मुली पहाटे सिमेंटच्या कोर्टवर धावतात.

मी शिकत होते तेव्हा अमरावती विद्यापीठ नव्हतं, ते १९८३ मध्ये झालं. त्याआधी वऱ्हाडातली कॉलेजं नागपूर विद्यापीठाला जोडलेली, त्यामुळे निवडीसाठी नागपूर गाठावं लागे. तिथल्या मुलींच्या पायांत बूट असत, आमच्यातल्या काहींच्या पायांत कॅनव्हास. नागपुरात हिस्लॉपसारखं स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८८३ मध्ये काढलेलं कॉलेज होतं, मिशनच्या शाळा होत्या, आणि त्या मुली लहानपणापासून रिंगखाली वाढलेल्या. आम्हाला बास्केटबॉल दिसला तो थेट कॉलेजात आल्यावर.

मुळात हा खेळ ख्रिस्ती संस्थेतच जन्मला. डिसेंबर १८९१, अमेरिकेतलं स्प्रिंगफील्ड गाव, वायएमसीएचं प्रशिक्षण विद्यालय. बाहेर बर्फ, आत कंटाळलेले विद्यार्थी. जेम्स नाइस्मिथ या शिक्षकाने सज्जाला पीचच्या दोन टोपल्या ठोकल्या, १३ नियम लिहिले आणि चेंडू दिला. जवळच्या शाळेतल्या शिक्षिका हा खेळ बघायला येत. आम्हालाही खेळू द्या, असं त्यांनीच विचारलं, आणि काही आठवड्यांतच बायका खेळू लागल्या. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. हा खेळ पुरुषांचा होता आणि पुढे कधीतरी बायकांना दिला, असं झालेलं नाही. तो जवळजवळ पहिल्या दिवसापासून दोघांचा आहे.

अडवलं नंतर. बायका दमतील, धसमुसळेपणा करतील, म्हणून स्मिथ कॉलेजात १८९३ पासून मुलींसाठी कोर्टचे तुकडे पाडले गेले. प्रत्येकीने आपल्याच तुकड्यात खेळायचं. या ना त्या रूपात हे अमेरिकेतल्या कॉलेजांत १९७१ पर्यंत चाललं. रिंग सगळ्यांना सारखीच, जमिनीपासून १० फूट. पण पूर्ण कोर्टभर धावायला मुलींना ८० वर्षं थांबावं लागलं. ऑलिंपिकचंही तसंच. १९३६ मध्ये बर्लिनला पुरुषांचा बास्केटबॉल पहिल्यांदा पदकांसाठी खेळला गेला, तेव्हा म्हातारे नाइस्मिथ स्वतः तिथे हजर होते. त्याच बर्लिनमध्ये आमच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने भारतीय व्यायामप्रकार करून दाखवले. बायकांचा बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये आला १९७६ ला.

भारतात हा खेळ रुजवण्यात मद्रासच्या वायएमसीए शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचा वाटा मोठा. हॅरी बक यांनी ते १९२० मध्ये सुरू केलं. दक्षिणेत मिशनच्या शाळा आणि मुलींची कॉलेजं भरपूर, त्यामुळे खेळ तिथे खोलवर गेला. आजही ऑल इंडियात केरळ किंवा तमिळनाडूचा संघ समोर आला, की आमच्या मुली आधी त्यांची उंची बघतात आणि मग त्यांचा ड्रिबल. चंगनाशेरीचं असम्प्शन हे कॅथलिक महिला महाविद्यालय तर मुलींच्या खेळांसाठीच ओळखलं जातं. शेजारच्याच कोट्टयमकडची गीतू अण्णा जोस हिला २०११ मध्ये अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या तीन संघांनी चाचणीला बोलावलं होतं. तिथे मुलगी संघाबरोबर बाहेरगावी निघते तेव्हा सोबत सिस्टर असते, वसतिगृह ठरलेलं असतं, आधीच्या बॅचच्या मुली जाऊन आलेल्या असतात. घरचे निर्धास्त. खेळाइतकीच ही व्यवस्थाही पिढ्यान् पिढ्या तयार झालेली आहे, आणि आमचं घोडं अडतं ते इथेच.

गाडीत नव्या मुलींना मी एक गोष्ट नेहमी सांगायचे. पेनसिल्व्हेनियातलं इमॅक्युलाटा, सिस्टर्सनी चालवलेलं मुलींचं लहानसं कॅथलिक कॉलेज. त्यांची व्यायामशाळा १९६७ मध्ये जळाली, त्यामुळे धड कोर्टही नव्हतं. कॅथी रश ही तरुण प्रशिक्षक वर्षाला ४५० डॉलरवर शिकवायची. १९७२ मध्ये अमेरिकेत कॉलेजच्या मुलींची नव्या पद्धतीची राष्ट्रीय स्पर्धा पहिल्यांदाच होणार होती. संघही १६च. जायचं होतं इलिनॉयला, म्हणजे विमानाने, आणि पैसे नव्हते. मुलींनी दारोदार टूथब्रश विकले. तरी पुरे पडेनात, म्हणून फक्त ८ जणी निघाल्या, त्याही जागा रिकामी राहिली तरच मिळणाऱ्या तिकिटावर. गणवेश एकच, लोकरी झग्यासारखा. रात्री बेसिनमध्ये धुवायचा आणि सकाळी तोच घालायचा. काही दिवसांपूर्वीच वेस्ट चेस्टर कॉलेजने त्यांना ३२ गुणांनी हरवलं होतं. अंतिम सामन्यात पुन्हा तेच वेस्ट चेस्टर समोर आलं, आणि इमॅक्युलाटाने तो ५२-४८ असा जिंकला. पुढची दोन वर्षंही विजेतेपद त्यांचंच. त्यांच्या सामन्यांना सिस्टर्स प्रेक्षकांत बसून लोखंडी बादल्या बडवायच्या. एका खेळाडूच्या वडिलांचं हार्डवेअरचं दुकान होतं, बादल्या तिथून आल्या होत्या.

बादल्यांचं ऐकून मुली हसत. मला मात्र त्या न गेलेल्या मुलींचं वाईट वाटे. सरावात सगळ्याच घाम गाळतात. संघात नाव लागल्यावर केवळ भाड्यापायी घरी राहायचं, हे कुठल्याच मुलीच्या वाट्याला येऊ नये. नियमाप्रमाणे १२ जणी नेता येतात, तर १२ गेल्याच पाहिजेत, यावर मी नोकरीभर अडून राहिले. सामना १० मिनिटांच्या चार डावांचा, कोर्ट २८ मीटर लांब, पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर. सलग तीन-चार दिवस रोज सामना असताना ८ जणींच्या पायांत गोळे येतात. शिवाय त्याच दिवसांत कुणाची पाळी असतेच. किटमध्ये चेंडू आणि पट्ट्यांबरोबर पॅडची पाकिटं हवीत, ही गोष्ट मागणीपत्रात लिहायला मी कधी संकोचले नाही.

तेल्हाऱ्याला रेल्वे नाही. एसटीने शेगाव नाहीतर अकोला गाठायचं. आमच्या तरुणपणी अकोटवरून मीटरगेजची मीनाक्षी एक्स्प्रेस थेट जयपूरपर्यंत जायची. मेळघाटात धुळघाटला रूळ स्वतःलाच वळसा घालून वर चढत, तेव्हा अख्खा संघ खिडक्यांना चिकटलेला असे. तो मार्ग रुंदीकरणासाठी बंद झाला. अकोल्याहून अकोटपर्यंत गाडी पुन्हा सुरू झाली ती २०२२ मध्ये, अकोटच्या पुढे मात्र अजून वाट बघणं आहे. गुजरातकडे स्पर्धा असली, की अकोल्याहून हावडा-अहमदाबाद किंवा नवजीवन.

यजमान ठरून पत्र येईपर्यंत स्पर्धा अगदी तोंडावर आलेली असते, आणि तोवर आरक्षण भरलेलं. १२ मुली, कोच, मॅनेजर आणि हातात पाच कन्फर्म बर्थ, असं कितीदा झालं. अशा वेळी मी मुलींना एकाच डब्यात, शेजारशेजारच्या बर्थवर दोघी-दोघी झोपवायचे आणि स्वतः दाराकडच्या बाजूला बसायचे. उंच मुलगी अर्ध्या बर्थवर रात्र काढते आणि दुसऱ्या दिवशी तिने रिबाउंडला उडी मारावी अशी आपण अपेक्षा ठेवतो! खेळाडूंच्या प्रवासभत्त्याबद्दल बोलणाऱ्यांनी एकदा त्या बर्थवर झोपून पाहावं. डबे मात्र भरलेले असत. दशम्या, तिखट पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा ठेचा. पहिल्या रात्री सगळ्या एकमेकींच्या घरची चटणी खात आणि पाच जिल्ह्यांच्या मुलींचा एक संघ तिथेच होई.

एका यजमान विद्यापीठात मुलींना दिलेल्या खोलीला आतून कडीच नव्हती. आम्ही लोखंडी पलंग दाराला लावून झोपलो, आणि सकाळी मी आयोजकांकडून सुतार आणवून कडी बसवून घेतली, मगच मुली सामन्याला निघाल्या. पुरुष मॅनेजरला हे सुचणार नाही असं मी म्हणत नाही. पण मुली त्याला रात्री उठवून सांगणार नाहीत. महिला संघाबरोबर महिला मॅनेजर हवीच, यात तडजोड नको.

तिथे पोचल्यावर कोर्टचा प्रश्न. आमचा सराव उघड्यावर, सिमेंटवर. मोठ्या स्पर्धा आता लाकडी कोर्टवर, छताखाली. लाकडावर चेंडू वेगळा उठतो, बूट जास्त पकड घेतो, थांबायच्या जागी गुडघ्याला हिसका बसतो. मागचा बोर्ड काचेचा, त्यामुळे लांबून फेकताना अंतराचा अंदाज चुकतो. तीन गुणांची रेघ पावणेसात मीटरवर. वारा नसलेल्या हॉलमध्ये आमच्या मुलींचे पहिले फेके रिंगवरून पार जात, कारण हात वाऱ्याला सरावलेले. हे सगळं सावरायला अर्ध्या दिवसाचा सराव पुरतो, पण तेवढं लवकर पोचायला हवं, आणि ते पुन्हा तिकिटावर आलं. नवख्या संघाचा पहिला सामना निम्मा तिथेच हरलेला असतो. बघणाऱ्यांना वाटतं, ग्रामीण मुली दबल्या.

दबत नाहीत. जुलै २०१७ मध्ये बंगळूरला भारताच्या मुलींनी कझाकस्तानला ७५-७३ हरवून आशिया चषकाच्या 'ब' गटाचं विजेतेपद घेतलं, तेव्हा आमच्याकडच्या मुलींनी मोबाइलवर ते शेवटचं मिनिट परत परत पाहिलं. पुण्याची शिरीन लिमये भारताकडून खेळते, ती मराठी बोलते, एवढंसुद्धा त्यांना पुरतं. माझ्याबरोबर ऑल इंडियाचं स्वप्न बघणाऱ्यांपैकी कुणी आज पोलिसात आहे, कुणी शाळेत खेळ शिकवते, कुणी केळीची बाग सांभाळते आणि मुलीला कोर्टवर घेऊन येते. आजीच्या त्या प्रश्नाचं मी तिला समजेल असं उत्तर द्यायचे, "आजी, इचं आता कुठंच अडत नाही." तिकीट काढणं, अनोळखी गावात जागा शोधणं, भांडून आपली खोली मिळवणं, हे एकदा केलेली मुलगी पुढे नोकरीच्या मुलाखतीला एकटी जाते.

सध्या सकाळी सहाला गावातल्या एका शाळेच्या कोर्टवर मी मुलींना शिकवते. एका बाजूची रिंग वाकली आहे, ती बदलायची आहे. ज्यांच्या घरी आठवी-नववीतली मुलगी असेल, उंच असो वा नसो, त्यांनी पाठवावी. बुटकी मुलगीही चेंडू छान पुढे नेते आणि खेळ तीच चालवते. वेचणीच्या दिवसांत उशिरा आली तरी चालेल. बूट नसले तर तसं सांगा, बुटांचं मी बघते. आईने एकदा येऊन सराव पाहावा, वडिलांनीही यावं. पुढे कधी बाहेरगावी जायची वेळ आली, तर गाडी, मुक्काम, फोन नंबर आणि सोबत कोण, हे सगळं कागदावर लिहून मी तुमच्या ओसरीवर येईनच.