वाद्यवृंदाचा संचालक

पाश्चात्त्य वाद्यवृंदापुढे छडी हालविणारा संचालक स्वतः एकही स्वर काढीत नाही. मग तो विद्या शिकतो कशी?

मुंबईचे झुबिन मेहता हे व्हायोलिनवादक मेहली मेहता यांचे चिरंजीव. वैद्यकाचा नाद सोडून ते १९५४ साली व्हिएन्नाच्या संगीत अकादमीत गेले. तेथे हान्स स्वारोव्स्की यांच्यापाशी त्यांनी स्वरलिपी वाचण्याचे आणि ती मनात ऐकण्याचे शिक्षण घेतले. परंतु सतारीचा विद्यार्थी घरी सतार छेडू शकतो. संचालकाने सरावासाठी शंभर वादक कोठून आणावेत? थोर संचालकांच्या तालमी पाहाव्यात, तर बाहेरच्यांस मज्जाव! तेव्हा मेहता आणि त्यांचे सहाध्यायी क्लाउदिओ आबादो यांनी युक्ती योजिली. ते तेथील गायकवृंदात दाखल झाले आणि गाता गाता ब्रूनो वाल्टर, कारायान यांचे हात निरखू लागले.

१९५८ साली मेहता लिव्हरपूलच्या स्पर्धेत पहिले आले. १९६२ साली लॉस एंजेलिसचा वाद्यवृंद हाती आला, तेव्हा ते अवघे सव्वीस वर्षांचे होते. बर्लिनच्या वाद्यवृंदात तर वादकच मतदान करून आपला प्रमुख निवडतात. १९८९ साली त्यांनी कारायान यांच्या जागी आबादो यांना निवडले.