डी.पी.वर किती मोटारी चालतील?

जुन्नर-आंबेगावच्या शिवारात पाण्याची सोय बरी आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे ही धरणे आहेत, विहिरी आहेत. पण पाणी उचलायचे ते विजेने. ऐन उन्हाळ्यात बांधावरची डी.पी. जळाली, की टोमॅटो माना टाकतो आणि वस्तीवर एकमेकांकडे बोट दाखवणे सुरू होते. डी.पी. जळण्याची कारणे अनेक. पण त्यांतले एक, म्हणजे जादा भार, आपल्याला कागद-पेन्सिलीने आधीच पकडता येते. कसे, ते पाहू.

डी.पी. म्हणजे रोहित्र. ते ११,००० व्होल्टची वीज घेऊन आपल्याला ४३३ व्होल्टने देते. त्याच्यावर २५, ६३ किंवा १०० केव्हीए असा आकडा असतो. तो वाचायला कुंपणाच्या आत जाऊ नका, वायरमनला विचारा. व्होल्ट गुणिले ॲम्पियर, भागिले हजार, म्हणजे केव्हीए. आता असे पाहा: एका फेजच्या तारेपासून न्यूट्रलपर्यंत २५० व्होल्ट भरतात. अशा तीन तारा, म्हणून ७५०. तेव्हा ६३ केव्हीएचे ६३,००० भागिले ७५०, उत्तर आले ८४. दर तारेतून ८४ ॲम्पियर प्रवाह मिळेल, त्याहून अधिक नाही. तोंडी हिशेब याहून सोपा: केव्हीएला चाराने गुणा आणि तिनाने भागा. १०० केव्हीएला १३३, २५ केव्हीएला ३३.

पाच हॉर्सपॉवरची मोटार पूर्ण भाराला सुमारे साडेसात ॲम्पियर घेते. ८४ ला साडेसाताने भागा. अकरा मोटारी झाल्या. तिथे पंधरा चालवल्या तर? प्रवाह ११२ वर जातो, म्हणजे सव्वापटीहून थोडा जास्तच. 'एवढ्याने काय होते?' असे कोणी म्हणेल. पण वेटोळ्यांतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. ती पावणेदोन पटीवर जाते. रोहित्र हे घटकाभर सोसते, तासन्‌तास नाही. आतले तेल तापते, तारांवरचे कागदी वेष्टन करपते, आणि एक दिवस सगळेच संपते.

दुसरी गोष्ट ऑटो स्विचची. सुरू होताना मोटार पाच-सहा पट प्रवाह ओढते. रात्रीच्या पाळीला उसात बिबट्याची धास्ती, म्हणून जो तो ऑटो स्विच लावून घरी बसतो. यात त्याचा दोष नाही. पण वीज आली की अकराच्या अकरा मोटारी एकदम उठतात आणि ८४ ॲम्पियरच्या डी.पी.कडे चारशेच्या वर मागणी जाते! फ्यूज उडतो. मग कोणी त्यात जाड तार घालतो. बाबांनो, फ्यूज हा राखणदार आहे. त्यालाच बांधून ठेवले तर चोर घरात येणारच.

तेव्हा तीन गोष्टी करा. एका डी.पी.वरच्या सर्वांनी मिळून मोटारींची यादी करून पाळ्या ठरवा. ऑटो स्विच ठेवायचाच असेल तर प्रत्येकाचा वेळ अर्ध्या मिनिटाने पुढेमागे लावून घ्या. आणि योग्य मापाचा कॅपॅसिटर बसवा, त्यामुळे डी.पी.वरून ओढला जाणारा प्रवाह साडेसाताऐवजी सव्वासहाच्या आसपास येतो. अकरा मोटारींमागे तेरा-चौदा ॲम्पियर मोकळे झाले, आणि तेही डी.पी. न बदलता.

गुरुजनांनी वर्गात हे गणित घालावे: १०० केव्हीएच्या डी.पी.वर पाच हॉर्सपॉवरच्या बारा आणि तीन हॉर्सपॉवरच्या आठ मोटारी आहेत. तिनाच्या मोटारीला पाच ॲम्पियर धरा. नव्वद आणि चाळीस, एकशेतीस. बसते, पण जेमतेम. एकविसावी मोटार जोडावी का? याचे उत्तर मुलांनी घरी जाऊन वडिलांना सांगावे.