मुद्रांकाचा वग

नाशिकरोडला 'प्रेस' म्हटलं की वर्तमानपत्र कुणाच्या मनात येत नाही. "मुलगा प्रेसमध्ये लागला" याचा इथे एकच अर्थ होतो: सरकारी छापखान्यात नोकरी मिळाली, घराची काळजी मिटली, आता स्थळं बघायला हरकत नाही. टपालाची तिकिटं एके काळी लंडनच्या डे ला रू कंपनीकडून छापून यायची. १९२५ मध्ये नाशिकरोडला भारत प्रतिभूती मुद्रणालय उभं राहिलं आणि हे काम इथे आलं. १९२८ मध्ये शेजारी चलनी नोटांचा छापखाना सुरू झाला आणि पाच रुपयांची नोट नाशिकचा शिक्का घेऊन बाहेर पडली. तिकिटं, मुद्रांक, पासपोर्ट, नोटा अशी देशाची पत कागदावर उतरवायचं काम या गावानं शंभर वर्षं केलं. अशा छापखान्यात वाया गेलेला कागदही मोजून हिशेबात धरावा लागतो.

मोजदादीच्या या गावाचं नाव बनावट मुद्रांकांच्या ज्या प्रकरणात सगळ्यात जास्त घेतलं गेलं, त्यावर २०२३ मध्ये 'स्कॅम २००३: द तेलगी स्टोरी' ही हिंदी वेबमालिका आली. सप्टेंबरमध्ये पहिला भाग, नोव्हेंबरमध्ये दुसरा. वर्गवारीत ती गुन्हेगारी नाट्य ठरते. पण बघताना आपण वारंवार हसतो, आणि हसून झाल्यावर थोडे ओशाळतो. हे हसू कशाचं?

रुक्ष कागदाचं नाट्य

आर्थिक घोटाळ्याची गोष्ट सांगणाऱ्याची पहिली अडचण म्हणजे घोटाळा कंटाळवाणा असतो. खुनात रक्त असतं, दरोड्यात धावपळ असते. इथे असतात अर्ज, पावत्या, सह्या आणि दुपारच्या जेवणानंतर पेंगुळलेलं कार्यालय.

अमेरिकेत ही अडचण ॲडम मके या दिग्दर्शकानं धमाल पद्धतीनं सोडवली. तोवर तो निव्वळ विनोदी चित्रपटांसाठी ओळखला जायचा. २००८ च्या मंदीवर मायकेल लुईसनं २०१० मध्ये लिहिलेल्या पुस्तकावरून त्यानं २०१५ मध्ये 'द बिग शॉर्ट' काढला. गृहकर्जांच्या रोख्यांची भानगड समजावायची वेळ आली की पात्रं बाजूला होतात. मग एक अभिनेत्री फेसाळ टबात बसून थेट प्रेक्षकांना धडा देते. एक नामांकित शेफ शिळे मासे रश्श्यात ढकलून दाखवतो आणि सांगतो, बुडीत कर्जं अशीच नव्या नावानं विकली गेली. चित्रपटाला ऑस्करची पाच नामांकनं मिळाली आणि रूपांतरित पटकथेचा पुरस्कार मिळाला.

जग या युक्तीनं चकित झालं, पण मराठी प्रेक्षकाला तिचं नवल वाटायचं कारण नाही. आपल्या वगात राजाचा दरबार भरलेला असतानाच सोंगाड्या मध्येच लोकांकडे वळतो आणि दरबाराची लक्तरं काढतो. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'नं १९६५ पासून हेच केलं. राज्यकारभार कसा चालतो हे हवालदार-कोतवालांच्या बतावणीतून जितकं कळलं, तितकं नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून कळलं नसेल.

घडण

तेलगीवरच्या या मालिकेच्या आधी २०२० मध्ये 'स्कॅम १९९२' आली होती. सुचेता दलाल आणि देबाशिष बसू यांच्या पुस्तकावरची, हंसल मेहतांनी जय मेहतांसह दिग्दर्शित केलेली. शेअर दलाल हर्षद मेहताच्या त्या गोष्टीचा गाभाही कागदच होता: बँकांनी एकमेकींना द्यायच्या रोख्यांच्या पावत्या. पाठीशी रोखे नसलेल्या पावत्या ज्यांनी दिल्या, त्यांत आपली बँक ऑफ कराडही होती आणि त्या वादळात ती बुडाली. मालिकेनं प्रतीक गांधी या गुजराती रंगभूमीवरच्या नटाला घराघरांत पोचवलं.

दुसऱ्या पर्वाचा, म्हणजे 'स्कॅम २००३'चा, आधार होता पत्रकार संजय सिंह यांचं हिंदी पुस्तक 'रिपोर्टर की डायरी'. दिग्दर्शन तुषार हिरानंदानींचं, सूत्रं हंसल मेहतांकडेच. लेखकांत करण व्यास, केदार पाटणकर यांच्यासोबत किरण यज्ञोपवीत होते, म्हणजे 'नटसम्राट' चित्रपटाच्या लेखनात हात असलेला मराठी लेखक. भरत जाधव, शशांक केतकर असे ओळखीचे चेहरे होते. मंत्रालय, पोलीस ठाणं, मुद्रांक कार्यालय ही मराठी माणसांची ठिकाणं असल्यानं तिथली बोली सांभाळणं गरजेचंच होतं.

घोटाळ्याचा सूत्रधार तेलगी याच्या भूमिकेसाठी नावाजलेला तारा घेतला नाही. निवड झाली गगन देव रियार या रंगभूमीवरच्या नटाची. शेक्सपिअरच्या 'ट्वेल्थ नाइट'चा 'पिया बहरूपिया' हा जो नाचता-गाता हिंदी अवतार अतुल कुमारनं उभा केला, त्यात सर टोबी हा पिऊन धिंगाणा घालणारा मामा रियारनं रंगवला होता. तो विनोदाचा हिशेब त्यानं इथे वापरला. त्याचा तेलगी दरडावत नाही. तो हात जोडतो, अजिजी करतो आणि काम झाल्यावर समोरच्यालाच उपकृत करून निघतो. समीक्षकांपैकी काहींना पहिल्या पर्वाची झिंग या पर्वात सापडली नाही. रियारबद्दल मात्र फारसं दुमत नव्हतं. २०२४ च्या फिल्मफेअर ओटीटी पुरस्कारांत नाट्यमालिकेतला सर्वोत्कृष्ट अभिनेता तोच ठरला.

न विचारलेला प्रश्न

अब्दुल करीम तेलगी सीमाभागातल्या खानापूरचा. वडील रेल्वेत, ते लवकर गेले. पोरानं गाड्यांमध्ये फळं-भाज्या विकून शिक्षण केलं आणि बेळगावात बी.कॉम. झाला. पुढे सौदी, मग मुंबई, मग पासपोर्टच्या लबाड्या आणि तुरुंग. बाहेर आल्यावर १९९४ च्या सुमारास त्यानं मुद्रांक विक्रीचा परवाना मिळवला आणि पुढे फोर्टातल्या मिंट रोडवर, टाकसाळीच्या नावाच्या रस्त्यावर, स्वतःचा छापखाना थाटला.

खरा मुद्रांक नाशिकला छापला जाई, सरकारी कोषागारात जाई आणि तिथून परवानाधारक विक्रेत्याकडे येई. घरखरेदी, भाडेकरार, विमा, शेअरचं हस्तांतर, काहीही करायचं तर तो हवाच. आणि तो नेमका नसायचा. विक्रेत्याच्या टेबलासमोरची रांग आणि "उद्या या" हे उत्तर त्या पिढीला पाठ आहे. तपासात पुढे आलेला डाव दुहेरी होता: एकीकडे खऱ्या मुद्रांकांची टंचाई घडवायची, दुसरीकडे बनावट माल भरपूर छापायचा. नाशिकच्या मुद्रणालयातून मोडीत निघालेली यंत्रं त्यानं हस्तगत केली, हा आरोप तर सगळ्यांत गाजला.

विनोद त्यापुढे सुरू होतो. त्याचं गिऱ्हाईक रांगेतला गरीब पक्षकार नव्हता. बँका, विमा कंपन्या, दलाल पेढ्या हे त्याचे मोठे ग्राहक. त्यानं टाय लावलेली विक्रेते मंडळी नेमली. माल घाऊक, सवलतीत आणि जागेवर पोच. सरकारी मुद्रांकावर सवलत कशी मिळते, हा प्रश्न रुपयाचा हिशेब ठेवणाऱ्या संस्थांना पडायला हवा होता. रांग चुकतेय म्हटल्यावर कुणी विचारत बसलं नाही. आणि पुढे खरा-खोटा मुद्रांक ओळखायची वेळ आली तेव्हा नमुने तपासायला पाठवले ते नाशिकलाच!

२००१ मध्ये तो अजमेरला पकडला गेला. २००६ मध्ये तीस वर्षांची सक्तमजुरी झाली आणि २००७ मध्ये आणखी तेरा वर्षं, सोबत २०२ कोटींचा दंड. घोटाळा नेमका केवढ्याचा, यावर एकमत झालंच नाही. वर्तमानपत्रांतून तीस हजार कोटींचा आकडा फिरत राहिला. ऑक्टोबर २०१७ मध्ये बंगळूरच्या रुग्णालयात तेलगी वारला. त्यानंतर वर्षभरानं, २०१८ सरताना, नाशिकच्या न्यायालयात प्रलंबित असलेल्या दुसऱ्या एका खटल्याचा निकाल लागला: सबळ पुराव्याअभावी सर्व आठ आरोपी निर्दोष. त्यांत मरण पावलेला तेलगीही होता. एखाद्या वगकारानं हा शेवट लिहिला असता तर त्याला अतिशयोक्ती म्हणाले असते.

नाशिकची बाजू

नाशिकला छपाई आणि चित्रपट यांचं नातं जुनं आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी मुद्रकच होते, छपाईतलं नवं तंत्र बघायला जर्मनीला जाऊन आले होते. १९१८ मध्ये त्यांची हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी इथेच सुरू झाली. पडद्यावरची हलती चित्रं काय, कागदावरचा शिक्का काय, दोन्ही बघणाऱ्याच्या विश्वासावर चालतात, हे फाळक्यांच्या गावाला सांगावं लागत नाही.

मालिकेत मात्र या गावाच्या वाट्याला येतं ते घोटाळ्याचं उगमस्थान होणं. तीन पिढ्या कागद मोजत आलेली घरं तिथे दिसत नाहीत. इमानदार मोजणीत नाट्य नसतं, म्हणून ती पडद्यावर येत नाही, हे समजण्यासारखं आहे. पण तो 'उद्या या' म्हणणारा विक्रेता, ती सवलत बघून खूश झालेली बँक आणि ओळखीनं काम करून घेणारे आपण, ही सगळी पात्रं पडद्यावर आहेत. तेलगीच्या हुशारीवर आपण टाळी वाजवतो. हसू येतं ते या बाकीच्यांवर, आणि ओशाळतो ते त्यांत स्वतःला बघून.

आता ई-मुद्रांक आले. १ जुलै २०२० पासून शेअर व्यवहारावरचं मुद्रांक शुल्क परस्पर बाजारातच कापलं जातं. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यानं शंभर-दोनशेच्या मुद्रांकाची कामं पाचशेवर नेली. तहसील कचेरीबाहेरच्या छत्रीखाली टंकलेखकाशेजारी तरीही गर्दी असतेच, आणि तिथे कुणीतरी कानाशी येऊन विचारतंच, "साहेब, लगेच हवंय का?"