पदवी कीं प्रमाणपत्र ?

गेल्या आषाढांतील गोष्ट आहे. माझ्या पुतण्याची थोरली मुलगी येथल्याच, म्हणजे अंबाजोगाईंतल्याच, एका महाविद्यालयांत वाणिज्यशाखेच्या पहिल्या वर्षाची परीक्षा उत्तीर्ण झाली. देवापुढें पेढे ठेवून झाले, वडीलधाऱ्यांच्या पायां पडणें झालें, आणि जेवणें आटोपून आम्ही सारे ओसरीवर बसलों असतां तिनें हळूच विषय काढला. "आप्पाआजोबा, मी कॉलेज सोडावें म्हणतें. एवढ्यावर मला विद्यापीठाचें प्रमाणपत्र मिळतें, आणि एका करसल्लागाराच्या कचेरींत हिशेब लिहिण्याचें कामहि मिळत आहे."

क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग थोरल्या वहिनी म्हणाल्या, "अगं, एक वर्ष शिकून सोडायचें, त्याला का शिकणें म्हणायचें ? उद्यां स्थळ पाहावयास गेलों तर काय सांगायचें ? मुलगी 'प्रमाणपत्र' झाली म्हणून ?" पुतण्या मान खालीं घालून बसला होता. त्याच्या न बोलण्याचें कारण घरांत सर्वांस ठाऊक होतें. सूनबाईंचें दुखणें दोन वर्षें चाललेलें, धाकट्याची दहावी तोंडावर आलेली, आणि शेतीनें त्या वर्षीं पुन्हां हात दिलेला नव्हता. मुलीनें कारण म्हणून यांतलें एकहि सांगितलें नाहीं, हें मात्र माझ्या ध्यानांत आलें. शेवटीं सर्वांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. कारण घरांतला मास्तर मी. वाचकांस आरंभींच सांगून टाकलेलें बरें, कीं पदवीच्या प्रश्नावर ज्याचें मत त्या रात्रीं विचारलें गेलें, तो मनुष्य केवळ मॅट्रिक आहे.

मीं दोन दिवसांची मुदत मागून घेतली, आणि दुसऱ्या दिवशीं तिच्याबरोबर महाविद्यालयांत जाऊन नियम वाचून आलों. आमच्या पिढीला ही व्यवस्था अपरिचित आहे, म्हणून ती थोडी फोड करून सांगतों. केंद्र सरकारनें २०२० सालीं जें राष्ट्रीय शैक्षणिक धोरण स्वीकारलें, त्यानें पदवीच्या जिन्याला मध्येंच उतरावयाच्या पायऱ्या केल्या आहेत. एक वर्ष पुरें केलें तर प्रमाणपत्र, दोन वर्षें केलीं तर पदविका, तीन वर्षांनीं पदवी, आणि चवथें वर्ष केलें तर ऑनर्सची पदवी. अभ्यासाचें माप 'श्रेयांक' या नांवाच्या एककांत करतात. साधारणतः पंधरा तासांच्या अध्यापनास एक श्रेयांक. पहिल्या वर्षाचे निदान चाळीस श्रेयांक पदरीं पडले, आणि त्याखेरीज चार श्रेयांकांचें एखादें व्यवसायशिक्षण सुटींत पुरें केलें, म्हणजे विद्यार्थी प्रमाणपत्राचा अधिकारी होतो. मुलीनें तें सुटींतलें शिक्षण कोणास न सांगतां उरकून घेतलें होतें.

मला सर्वांत मोलाचा वाटला तो यापुढचा नियम. प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडलेल्यास तीन वर्षांच्या आंत परत येतां येतें, आणि एकंदर सात वर्षांच्या आंत पदवी पुरी करतां येते. मिळविलेले श्रेयांक २०२१ सालच्या नियमांन्वयें स्थापन झालेल्या एका श्रेयांक-पेढीत विद्यार्थ्याच्या नांवें जमा राहतात. पूर्वीं पहिल्या वर्षानंतर जो बाहेर पडे, त्याच्या हातीं गुणपत्रिकेच्या कागदावांचून कांहीं नसे. एके काळीं कांहीं गृहस्थ आपल्या नांवापुढें 'बी. ए. नापास' असें लिहीत, याची आपण चेष्टा करतों. परंतु दोन-तीन वर्षें खपून केलेल्या अध्ययनाचा दाखला त्या बिचाऱ्यांनीं दुसरा द्यावा तरी कोणता?

वहिनींचें म्हणणें असें, कीं हें सारें आजकालचें खूळ आहे; पूर्वीं एक तर पदवी असे नाहींतर नसे. हें मात्र खरें नव्हे. डॉ. भाऊ दाजी लाड यांचें नांव कोणास ठाऊक नाहीं ? मुंबईचें ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालीं निघालें, आणि त्याच्या पहिल्या तुकडींतून भाऊ १८५१ सालीं बाहेर पडले. तेव्हां मुंबई विद्यापीठ जन्मासहि आलें नव्हतें. तें झालें १८५७ सालीं. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे त्या विद्यापीठाचे पहिले चार बी. ए. १८६२ चे. भाऊंच्या नांवापुढें जीं 'जी. जी. एम्. सी.' हीं अक्षरें लागत, तीं महाविद्यालयानें दिलेल्या सनदेचीं होत. त्या सनदेवर त्यांनीं मुंबईंत मोठा लौकिक मिळविला, आणि शिलालेख वाचून प्राच्यविद्येंतहि मान मिळविला. पुढें सर विश्वेश्वरय्या पुण्यास शिकून १८८३ सालीं ज्या परीक्षेंत पहिले आले, ती 'एल्. सी. ई.' म्हणजे स्थापत्याचा परवानाच. तिच्या नांवांत 'बॅचलर' हा शब्द नाहीं.

परंतु दुसरी बाजूहि आहे, आणि ती मीं घरांत मुद्दाम मुलींच्या समोर सांगितली. प्रमाणपत्र हें पदवीच्या जागीं दिलें गेलें, असें जगांत पुष्कळदां घडलें आहे, पण तें का दिलें गेलें हें पाहावें लागतें. केंब्रिज विद्यापीठानें १८८१ पासून स्त्रियांस ट्रायपॉसच्या परीक्षेस बसूं दिलें. उत्तीर्ण झाल्यास प्रमाणपत्र दिलें, पदवी दिली नाहीं. १८९० सालीं फिलिपा फॉसेट नांवाच्या कुमारिकेनें गणितांत असे गुण मिळविले, कीं तिचा क्रम सीनियर रँग्लरच्याहि वर लावावा लागला. आपले रँग्लर परांजपे सीनियर रँग्लर झाले ते १८९९ सालीं. त्यांचा सत्कार साऱ्या महाराष्ट्रानें केला, आणि तो योग्यच होता. फॉसेटबाई मात्र त्याहून वर जाऊनहि पदवीधर झाल्या नाहींत. केंब्रिजनें स्त्रियांस पुरती पदवी दिली ती १९४८ सालीं. आपल्या नाशकांत १८६६ सालीं जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांची कथा तशीच. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर त्या. ऑक्सफर्डला जाऊन १८९२ सालीं त्यांनीं कायद्याची बी. सी. एल्. परीक्षा दिली, आणि पदवीचें दार तेथें स्त्रियांस उघडलें तें १९२० सालीं. एवढें ऐकून पुतण्याची मुलगी म्हणाली, "आजोबा, त्यांना पदवी नाकारली होती. मला कोणी नाकारलेली नाहीं." उत्तर तिचें बिनतोड होतें, पण मीं तिला विचारलें, "परिस्थितीनें नाकारली तर ती नाकारलीच ना?" यावर ती गप्प झाली.

संस्कृत विद्येच्या प्रांतांत तर परीक्षेच्या उपाधीचें माहात्म्य वेगळेंच. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचें शिक्षण वाईच्या प्राज्ञपाठशाळेंत झालें, आणि 'तर्कतीर्थ' ही उपाधी कलकत्त्याच्या संस्कृत परीक्षेची. बी. ए., एम्. ए. कांहीं नाहीं, आणि मराठी विश्वकोशाचें प्रमुख संपादकत्व त्यांच्याकडे आलें. आमच्या गांवाचें उदाहरण याहूनहि बोलकें आहे. निजामी अमलांत या गांवास मोमिनाबाद म्हणत, आणि उच्च शिक्षण घ्यावयाचें तर हैदराबादेस जावें लागे. तेथल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यम उर्दू. आमच्या तीर्थरूपांचें शालेय शिक्षण उर्दूंत झालें, तरी पोथी मात्र तें शेवटपर्यंत बाळबोधच वाचीत. अशा काळीं, १९३५ च्या सुमारास, स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याहून येथें आले आणि योगेश्वरीच्या शाळेंत त्यांनीं मुलांना शिकविलें. स्वामीजींचें स्वतःचें उच्च शिक्षण पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठांत झालेलें. असहकाराच्या चळवळींतून १९२१ सालीं निघालेलें हें राष्ट्रीय विद्यापीठ. त्या वेळच्या सरकारच्या दरबारीं त्याच्या परीक्षांना मान्यता नव्हती. त्यास अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला १९८७ सालीं. ज्यांचें शिक्षण सरकारदप्तरीं जमेस धरलें जात नव्हतें, त्या स्वामीजींच्या नांवानें १९९४ सालीं नांदेडला सरकारनेंच विद्यापीठ स्थापिलें. आमच्या गांवचें वैद्यकीय महाविद्यालयहि त्यांच्याच नांवाचें आहे.

हीं झालीं थोरांचीं उदाहरणें, आणि थोरांच्या उदाहरणांवर घरांतला निर्णय घेऊं नये असें माझें मत आहे. ते कागदावांचूनहि मोठे झाले असते. तुमच्या-आमच्या मुलांना कागद लागतो. म्हणून आतां माझें स्वतःचें सांगतों.

लहानपणीं घरींच रूपावली आणि अमरकोश पाठ झाला. पुढें एका शास्त्रीबोवांपाशीं लघुकौमुदी आणि पंचकाव्यांपैकीं दोन काव्यें झालीं. मॅट्रिकनंतर अध्यापनाचें दोन वर्षांचें शिक्षण घेऊन मी एका शाळेंत लागलों. तेथले संस्कृतचे शिक्षक निवृत्त झाल्यावर त्यांची जागा भरली गेली नाहीं, आणि आठवी ते दहावीचे संस्कृतचे तास अकरा वर्षें मींच घेतले. वेतन अर्थात् माझ्या मूळ जागेचेंच. बाराव्या वर्षीं पदवीधर शिक्षकाची नेमणूक झाली. नियम तसाच होता, आणि नियमाबद्दल माझी तक्रार नाहीं. परंतु व्यवस्थापकांपैकीं एका गृहस्थांनीं मला बोलावून माझीं टिपणें नव्या शिक्षकांच्या स्वाधीन करण्यास सांगितलें, आणि जातां जातां म्हणाले, "काय करणार मास्तर, तुमच्याजवळ कागद नाहीं." मीं टिपणांच्या सात वह्या दिल्या. नवे शिक्षक सुशील होते. एखादा समास अडला म्हणजे संध्याकाळीं ते आमच्या घरीं येत, आणि चहा घेऊन जात.

याहून बोचणारी गोष्ट वेगळीच आहे, आणि तिचा दोष कोणाकडेच जात नाहीं, माझ्याकडे जातो. १९८९ सालीं नाशकास यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालें. ज्यांचें शिक्षण मध्येंच तुटलें त्यांच्यासाठीं त्यानें पूर्वतयारीचा शिक्षणक्रम काढला, नोकरी सांभाळून घरीं अभ्यास करण्याची सोय केली, प्रमाणपत्रें, पदविका, पदव्या अशा चढत्या पायऱ्या ठेवल्या. तेव्हां मी ऐन तिशींत होतों. अर्ज मागविला, भरलाहि. पण परीक्षेच्या दिवशीं शेजारच्या बाकावर आपलाच एखादा जुना विद्यार्थी बसलेला असेल, या कल्पनेनें मन मागें फिरलें. उद्यां पाठवूं, पुढल्या वर्षीं पाठवूं, असें करतां करतां तो अर्ज पेटीच्या तळाशीं गेला. त्या अर्जाचा कागद आतां पिंवळा पडला आहे. त्या रात्रीं ओसरीवर तो काढून मुलीच्या हातीं दिला. घरांत आजवर तो कोणीं पाहिला नव्हता. तिच्या आजीनेंहि नाहीं.

मग मीं माझें मत सांगितलें. प्रमाणपत्र घ्यावें, नोकरी धरावी, पण परत येण्याची तिथि आजच ठरवावी. हिशेबाच्या कचेरींत हिशेब येतो कीं नाहीं हें पाहतात, तेथें प्रमाणपत्र आणि सुटींतलें शिक्षण यांवर काम भागेल. परंतु पुढें-मागें राज्यसेवेची परीक्षा द्यावीशी वाटली, बी. एड्. करावेंसें वाटलें, तर तेथें पदवीच लागते. प्रमाणपत्राला त्या दारांत प्रवेश नाहीं. हें आज माहीत असूनहि नोकरी धरणें वेगळें, आणि दहा वर्षांनीं कळून हळहळणें वेगळें.

आणखी एक गोष्ट सर्वच घरांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यान्वयें पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांस आणि कायद्यानें अधिकार दिलेल्या संस्थांसच आहे. 'प्रमाणपत्र' या शब्दाला मात्र असें कुंपण नाहीं. कोणीहि चार भिंती भाड्यानें घेऊन, सोनेरी कडांचा कागद छापून तें देऊं शकतो, आणि देतातहि. तेव्हां कागदावर नांव कोणाचें आहे, त्याचे श्रेयांक पेढींत जमा होतात कीं नाहीं, आणि त्या आधारें पुढल्या वर्षांत प्रवेश मिळतो कीं नाहीं, या तीन गोष्टी पैसे भरण्यापूर्वीं विचाराव्या. बनावट विद्यापीठांची यादी आयोग स्वतः प्रसिद्ध करतो. ती पाहण्यास पांच मिनिटें लागतात.

वहिनींना हें सारें पटलें असें म्हणतां येणार नाहीं. त्यांनीं एवढेंच विचारलें, "परत जाईल कशावरून ? तुम्हीं तरी कुठें गेलात ?" या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हतें. उत्तर पुतण्यानें दिलें. इतका वेळ गप्प बसलेला तो म्हणाला, "तिच्या पगारांतला चौथा हिस्सा घरांत घ्यायचा नाहीं. तो तिच्या पुढच्या फीसाठीं वेगळा ठेवायचा. आईच्या औषधाचें मी पाहीन." मुलगी उठून आंत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाहीं.

श्रावणांत ती कामावर रुजू झाली. प्रमाणपत्र आलें तें मीं तिला चौकटींत घालूं दिलें नाहीं. पासबुकाबरोबर कपाटांत ठेवावयास सांगितलें. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ती पासबुक आणून मला दाखविते, आणि पेढीवरचे आपले चव्वेचाळीस श्रेयांकहि फोनवर उघडून दाखविते. परवां वहिनींनींच तिला हांक मारून विचारलें, "अगं, तुझी तीन वर्षें पुरीं व्हायला आतां महिने किती राहिले ?"