रात्रीचा माल आणि गावाची झोप

पुण्याच्या बाजारात पहाटे उघडणारा टोमॅटोचा क्रेट बऱ्याचदा आदल्या दुपारी शिरोळ तालुक्यातल्या बांधावर भरलेला असतो. दानोळी, उमळवाड, कोथळी, उदगाव या पट्ट्यात सकाळपासून तोडा चालतो. उन्हं कलली की माल निवडून क्रेट गाडीत चढतात, वरून ताडपत्री आवळली जाते आणि रात्रीत सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर अंतर कापून गाडी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात उभी राहते. वाशीची वाट आणखी लांबची, म्हणून ती गाडी आणखी लवकर निघते. त्याच रात्री उलट्या दिशेनं किराणा, औषधं, खतं आणि सिमेंट घेऊन गाड्या जयसिंगपूर, शिरोळ, कुरुंदवाडकडे येत असतात.

या गाड्या रात्री फिरतात म्हणून आपलं दुकान सकाळी भरलेलं दिसतं. पण त्या ज्या गल्लीत थांबतात, तिथं कुणीतरी झोपलेलंही असतं. मालासाठी रात्रीच्या आवाजाचे नियम सैल करावेत का, हा प्रश्न जगातल्या अनेक शहरांनी स्वतःला विचारला आहे. आपणही विचारायला हवा. त्यासाठी आधी ही सगळी व्यवस्था कशी चालते ते नीट पाहू.

माल रात्रीच का निघतो?

पहिलं कारण ऊन. तोडलेली भाजी आणि कोंडिग्रेच्या माळावरच्या हरितगृहांतली फुलं दुपारच्या उन्हात प्रवासाला निघाली तर वाटेतच माना टाकतात. दुसरं कारण बाजाराची वेळ. मोठ्या शहरांतले भाजीचे सौदे पहाटेच्या अंधारात सुरू होतात. उशिरा पोचलेल्या मालाला दर पडून मिळतो. तिसरं कारण शहरातला रस्ता. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत गर्दीच्या वेळी अनेक रस्त्यांवर जड वाहनांना बंदी असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ मध्ये अशा निर्बंधांची तरतूद आहे आणि वाहतूक पोलीस अधिसूचना काढून वेळा ठरवतात.

शिरोळला चौथंही कारण आहे, ते उसाचं. शिरोळचा दत्त कारखाना असो की टाकळीवाडीचा गुरुदत्त, एकदा हंगाम सुरू झाला की गव्हाण रात्रंदिवस चालते. तोडलेला ऊस फडात पडून राहिला तर त्याचं वजन घटतं, साखर उतरते. तोडल्यापासून २४ तासांच्या आत तो गाळला जावा अशी धडपड असते. त्यामुळे ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रीही काट्यावर नंबर लावून उभ्या असतात.

म्हणजे रात्रीची वाहतूक ही कुणाची हौस नाही. पीक, बाजार आणि रस्ता यांनी मिळून ती ठरवली आहे.

नियम काय म्हणतो?

देशभर लागू असलेला मूळ नियम म्हणजे ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००. तो शहरापुरता नाही, गावठाणालाही लागू आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्रीची ४५. व्यापारी भागात ६५ आणि ५५, औद्योगिक भागात ७५ आणि ७०. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचं किमान १०० मीटरचं क्षेत्र राज्य सरकारनं तसं जाहीर केलं असेल तर शांतता क्षेत्र. तिथं ५० आणि ४०.

२०१० च्या दुरुस्तीनं आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. निवासी भागात रात्री आणि शांतता क्षेत्रात केव्हाही, सार्वजनिक आणीबाणीखेरीज हॉर्न वाजवायचा नाही. मोटार वाहन नियमांनुसार वेगवेगळे सूर काढणारे किंवा कर्णकर्कश हॉर्न सर्वसाधारण वाहनांना लावताच येत नाहीत. विनाकारण हॉर्न वाजवल्यास कायद्यात पहिल्या वेळी १,००० आणि पुढच्या वेळी २,००० रुपये दंड आहे.

या नियमांत सवलतीची जागाही आहे, पण ती ध्वनिवर्धकासाठी. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवाच्या निमित्तानं वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १० ते १२ अशी मुभा राज्य सरकार देऊ शकतं. मालट्रकसाठी अशी तरतूद नाही.

म्हणून "नियम सैल करा" म्हणणाऱ्यानं कोणता नियम ते आधी सांगावं. गाडी कोणत्या वेळी कोणत्या रस्त्यावर येईल, हे स्थानिक पातळीवर बदलता येतं. डेसिबलच्या मर्यादा आणि हॉर्नबंदी मात्र केंद्राच्या नियमांतून आल्या आहेत. नगरपरिषदेनं ठराव केला म्हणून त्या हलत नाहीत.

सरासरीत हरवणारा दणका

आता या सगळ्यातला सर्वात महत्त्वाचा भाग. नियमातले ४५ डेसिबल ही सरासरी आहे, एका क्षणाचा आवाज नव्हे. डेसिबलचं मापही वेगळं आहे. १० डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो.

एक उदाहरण घेऊ. रात्रभर गल्लीत ४० डेसिबलची शांतता आहे. दोन वाजता दुकानासमोर ट्रकचा लोखंडी फाळका धाडकन आदळतो, पाठोपाठ रिकामे क्रेट फरशीवर पडतात. सगळं मिळून ५ सेकंद, तुमच्या खिडकीशी ७५ डेसिबल. रात्रीचे आठ तास म्हणजे २८,८०० सेकंद. एवढ्या सेकंदांत तो दणका वाटून टाकला की रात्रीची सरासरी ४० वरून जेमतेम ४२ पर्यंत जाते. मर्यादा ४५. कागदावर नियम पाळला गेला, पण गल्लीतली लहान मुलं आणि म्हातारी माणसं मात्र उठून बसली.

जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत हा फरक लक्षात घेतला होता. झोपायच्या खोलीत सरासरी ३० डेसिबल असावी आणि एखादा सुटा आवाजही ४५ च्या वर जाऊ नये, असं त्यात म्हटलं आहे. अर्धवट उघड्या खिडकीतून आत येताना आवाज साधारण १५ डेसिबलनं उतरतो. म्हणजे बाहेरचा ७५ चा दणका आत ६० चा होतो.

झोप मोडते ती अशा दणक्यानं. लांबच्या रस्त्यावरची संथ घरघर कान काही प्रमाणात सोडून देतो. शांततेतून अचानक उसळलेला आवाज तो सोडत नाही.

इतरांनी काय केलं?

लंडनची रीत आपल्या उलट आहे. लोकांच्या झोपेसाठी तिथं १९८५ पासून १८ टनांहून जड ट्रकना रात्री आणि शनिवार-रविवारी ठरावीक रस्त्यांखेरीज फिरण्यावर निर्बंध आहेत. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या धास्तीनं दुकानं रिकामी होऊ लागली, तेव्हा या निर्बंधांची अंमलबजावणी काही काळ थांबवण्यात आली, म्हणजे रात्रीतून फळ्या पुन्हा भरता येतील. आपली मोठी शहरं ट्रकला दिवसा अडवतात, लंडन रात्री अडवतं. पेच एकच आहे: दिवसा रस्ता भरतो आणि रात्री झोप मोडते.

बार्सिलोनानं या शतकाच्या सुरुवातीला एका किराणा साखळीसोबत प्रयोग केला. दिवसा येणाऱ्या सात लहान ट्रकचं काम रात्रीच्या दोन मोठ्या ट्रकनी झालं. न्यूयॉर्कमध्ये २००९-१० च्या सुमारास रेन्सेलर तंत्रशिक्षण संस्थेच्या संशोधकांनी दुकानदार आणि वाहतूकदारांना सोबत घेऊन अवेळी माल पोचवण्याचा प्रयोग केला.

सर्वात शिकण्यासारखं काम नेदरलँड्सचं. त्यांनी सरासरीचा हट्ट सोडून माल उतरवतानाच्या कमाल आवाजावर बोट ठेवलं. साडेसात मीटरवरून मोजलेला आवाज संध्याकाळी ७ ते ११ मध्ये ६५ च्या आणि रात्री ११ ते सकाळी ७ मध्ये ६० डेसिबलच्या आत राहील, अशी वाहनं आणि उपकरणं त्यांनी पारखून घेतली. तिथं रात्रीची मुभा अशा कमी आवाजाच्या साधनांशी जोडली गेली.

एक गाडी, पाच आवाज

हे आपल्या बोळात आणायचं तर रात्री आलेल्या एका गाडीच्या पावलापावलानं जाऊ.

गाडी वळणावर येते, ड्रायव्हर दुकानदाराला उठवायला हॉर्न देतो. त्याऐवजी दहा मिनिटं आधी फोन करता येतो. खर्च शून्य.

गाडी मागं घेताना इशाऱ्याचा तीव्र सूर वाजतो. तो सुरक्षेसाठी आहे, बंद करू नये. पण सुईसारख्या टोचणाऱ्या सुराऐवजी फुसफुस असा पसरट आवाज करणारे इशारे मिळतात; ते जवळच्या माणसाला कळतात आणि लांब जात नाहीत. शक्य तिथं गाडी सरळ आत येऊन सरळ बाहेर पडेल अशी जागा निवडली तर मागं घ्यावीच लागत नाही.

मग इंजिन चालूच राहतं. गाडी थांबल्यावर ते बंद करावं, डिझेलही वाचतं.

फाळका सोडताना दोघांनी धरून हातानं उतरवावा. त्याच्या कडेला जुन्या टायरची रबरी पट्टी आणि साखळीवर गोणपाट बांधलं की लोखंडावर लोखंड आदळत नाही.

शेवटी हमाली. क्रेट फेकण्याऐवजी हातोहात द्यावेत, फरशीवर जुनी रबरी चटई टाकावी, हातगाडीला रबरी चाकं असावीत. हमालांना त्यासाठी जास्त वेळ लागेल. म्हणून रात्रीच्या कामाची हमाली घाईच्या हिशोबानं ठरवू नये. शांत कामाचा वेळ धरून पैसे द्यावेत.

जागेचाही हिशोब आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. घरापासून १० मीटरऐवजी ४० मीटरवर माल उतरवला तर १२ डेसिबलचा फरक पडतो. अरुंद बोळात भिंतींवरून आवाज घुमतो, तिथं हा फायदा कमी. म्हणून पेठेतल्या बोळापेक्षा गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर रात्री माल उतरवून सकाळी छोट्या गाड्यांनी आत आणणं शहाणपणाचं.

हंगामातल्या रात्री

शिरोळकरांची खरी परीक्षा होते ती गळीत हंगामात. दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चढाला घरघरणार, त्याला इलाज नाही. पण ट्रॅक्टरवर मोठे स्पीकर बांधून अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशी गाणी लावणं हा वाहतुकीचा भाग नाही. "झोप येऊ नये म्हणून लावतो" असं चालक सांगतात. त्यात तथ्य आहे, कारण काट्यावर नंबर येईपर्यंत त्यांची रात्र रात्र जाते. पण त्यावर उपाय म्हणजे कारखान्यानं नंबराचं वेळापत्रक मोबाईलवर कळवणं, तळावर विसाव्याची सोय करणं आणि चालकाला झोप मिळेल अशा पाळ्या लावणं. शिवाय मोठ्या गाण्यांत मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही, हा धोका वेगळाच.

या आवाजाचा पहिला मार बसतो तो ऊसतोड मजुरांना. त्यांच्या कोप्या रस्त्याकडेला किंवा कारखान्याच्या तळाजवळ असतात. पहाटे चारला कोयता घेऊन उठायचं असतं, आणि पाचटाच्या भिंतीला आवाज अडत नाही. रात्रीच्या शांततेचा हक्क मागताना तो त्यांच्या लेकरांसाठीही मागितला पाहिजे.

तर माझं म्हणणं असं: मालाला वेळेची सवलत द्यावी, आवाजाची देऊ नये. भाजी, दूध, औषधं आणि ऊस रात्री फिरलेच पाहिजेत. जो दुकानदार आणि जो वाहतूकदार हॉर्नशिवाय, रबर लावलेल्या फाळक्यानं आणि ठरलेल्या जागेवर माल उतरवतो, त्याला रात्रीची मोकळीक असावी. जो हे पाळत नाही, त्याची मोकळीक काढून घ्यावी.

नगरपरिषद, पोलीस, कारखाने, व्यापारी आणि वाहतूकदार यांनी हंगामाआधी एकदा एकत्र बसून उतरवण्याच्या जागा आणि वेळा ठरवाव्यात. तोवर आपण एवढं करू शकतो: आपल्या दारात माल येत असेल तर ड्रायव्हरला हॉर्नऐवजी फोन करायला सांगा, आणि फाळका उतरवायला स्वतः एक हात लावा.