बाटली नंबर ५३ एन

लॅबमध्ये नवीन आलेल्या मुलामुलींना मी पहिल्याच दिवशी बजावायचे, चिमटा हातातून खाली पडला की तो मेला असं समजा. पुसायचा नाही, औषधात बुचकळून पुन्हा वापरायचा नाही. दुसरा घ्या, नाहीतर ज्योतीवर नीट तापवा. काही जण हसायचे. मग त्यांना मुलकोवालची हकिकत ऐकवायची.

मुलकोवाल हे पंजाबातलं गाव, आता पाकिस्तानात आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी तिथे १०७ जणांना प्लेगची लस टोचली गेली. लस मुंबईहून, परळच्या प्रयोगशाळेतून गेलेली. पाच बाटल्या वापरल्या. आठवड्याभरात त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. एकोणीसही जणांना ५३ एन याच बाटलीतली लस दिली होती. बाकी ८८ जण ठणठणीत राहिले.

लस बनवणारा माणूस वाल्देमार हाफकिन. १८६० साली ओडेसात, ज्यू कुटुंबात जन्मलेला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये शिरला तो ग्रंथालयातला सहायक म्हणून. तिथेच त्याने पटकीची लस तयार केली, ती १८९२ मध्ये आधी स्वतःला टोचली आणि पुढच्या वर्षी तो हिंदुस्थानात आला. डॉक्टरकीची पदवी त्याच्याकडे नव्हती. गोऱ्या लष्करी डॉक्टरांच्या खात्यात हा रशियन, ज्यू आणि वर बिनडॉक्टर! पुढे काय झालं ते समजायला एवढं ध्यानात असलेलं बरं.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरमध्ये हाफकिन मुंबईत दाखल झाला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला एक खोली आणि व्हरांडा मिळाला, हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. बोकडाच्या मांसापासून केलेल्या रश्श्यात तो प्लेगचे जंतू वाढवायचा आणि वर साजूक तुपाचे थेंब सोडायचा. त्या तुपाला धरून जंतू खाली लोंबत वाढतात. मग ते उष्णतेने मारायचे, की लस तयार. आमच्या धंद्यातल्या माणसाला या तुपाचं फार कौतुक वाटतं. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने इतरांपेक्षा कितीतरी मोठा डोस स्वतःला टोचून घेतला, तापाने फणफणला, पण निभावला. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली गेली.

हे ‘पुढे आलेल्या’ महत्त्वाचं. त्या साली प्लेगचा बंदोबस्त म्हणजे काय, ते पुण्याला कळलं होतं. सोल्जर घरात घुसणार, रोगी उचलून नेणार, देवघरापर्यंत सगळं धुऊन काढणार. २२ जूनला पुण्याच्या प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली ती याच रागातून. हाफकिनची सुई मात्र लोकांच्या राजीखुशीवर चालायची. खोजांचे धर्मगुरू आगाखान यांनी चारचौघांत दंड पुढे केला, तेव्हा हजारो खोजांनी टोचून घेतलं. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये गेली. एवढ्या कष्टाने बसलेली ती घडी मुलकोवालने विस्कटली.

चौकशी नेमली गेली, अध्यक्ष मुंबईचे सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स. निष्कर्ष असा की बाटली उघडण्याआधीच दूषित होती, म्हणजे दोष परळचा. कार्बोलिक हे जंतुनाशक न घालता निव्वळ उष्णतेवर भिस्त ठेवण्याची नवी पद्धत हाफकिनने घेतली होती, तीही त्याच्या अंगाशी आली. त्याला पदावरून दूर केलं गेलं आणि १९०४ मध्ये तो लंडनला गेला.

आता चिमट्याकडे येते. त्या दिवशी बुचं काढणाऱ्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो कार्बोलिकच्या पाण्यात हलवला आणि त्याच चिमट्याने ५३ एन बाटली उघडली. धनुर्वाताचे बीजाणू मातीत, शेणात असतात आणि असल्या पाण्याने ते मरत नाहीत. चिमटा पडल्याची गोष्ट चौकशीच्या कागदांतच होती. शिवाय बाटली भरून ४१ दिवस झाले होते. इतके दिवस आत धनुर्वाताचे जंतू वाढत असते, तर झाकण उघडताच घाण वास आला असता. तसा वास कुणाला आला नाही. हे मुद्दे रोनाल्ड रॉसने उचलून धरले. मलेरियावर नोबेल मिळवलेला माणूस, त्याचा शब्द टाळणं अवघड. १९०७ च्या जुलैमध्ये नऊ शास्त्रज्ञांसह त्याने लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र छापलं. त्या वर्षाच्या अखेरीस हाफकिन निर्दोष ठरला.

तो परत आला, पण परळला नव्हे. तिथली खुर्ची भरली होती, म्हणून त्याला कलकत्त्याला धाडलं. मोठ्या लसीकरणाचं काम त्याच्या हाती पुन्हा आलंच नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तो निवृत्त होऊन युरोपात गेला. परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव १९२५ मध्ये मिळालं, तो हयात असताना. १९३० मध्ये तो लोझान इथे वारला.